पाणी येतें कोठून?

आज मी आपणांस एका प्रवासाची हकीगत सांगणार आहें. परंतु प्रवासाच्या आधीं मला माझ्या एका जुन्या चुकीची कबुली दिली पाहिजे, कारण त्या चुकीनेंच मला साठी उलटल्यावर घराबाहेर काढलें.

मी सोलापूर जिल्ह्यांतील श्रीपूरचा राहणारा. मॅट्रिक झाल्यावर अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून मी शिक्षकाच्या नोकरींत शिरलों आणि तीसांहून अधिक वर्षें मुलांना भूगोल व गणित शिकवून निवृत्त झालों. आमचा माळशिरस तालुका निम्मा हिरवा व निम्मा कोरडा आहे. कालव्याच्या अलीकडे ऊस व केळी, तर पलीकडच्या माळावर कुसळें व बाभळी. एके दिवशीं चौथीच्या वर्गांत मीं प्रश्न विचारला, "आपल्या कालव्याला पाणी कोठून येतें?" सगळा वर्ग एका सुरांत म्हणाला, "धरणांतून, गुरुजी!" मीं शाबासकी दिली. तेवढ्यांत माळावरच्या एका वाडीहून पायीं शाळेंत येणारी एक मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, "गुरुजी, मग धरणांत कोठून येतें?" मीं सांगितलें, "पावसाचें." तिनें पुन्हां विचारलें, "मग तो पाऊस आमच्या वाडीवर का पडत नाहीं?"

श्रोतेहो, ह्या प्रश्नाचें पुस्तकी उत्तर मला येत होतें. पण तास संपत आला होता, तपासणी जवळ आली होती, आणि मीं तिला म्हटलें, "पुस्तकांत नाहीं तें विचारूं नये. खालीं बैस." ती खालीं बसली. त्यानंतर तिनें वर्षभर एकही प्रश्न विचारला नाहीं. मुलांना प्रश्न विचारूं न देणें ह्यासारखें शिक्षकाचें दुसरें पाप नाहीं, हें मला पुढें कळलें. परंतु तोंवर ती मुलगी शाळा सोडून गेली होती.

निवृत्तीनंतर मनांत आलें कीं, तो पाऊस जेथें पडतो ती जागा आपण एकदां डोळ्यांनीं पाहावी. आमच्या नीरा कालव्याचें पाणी भोरच्या डोंगरांतून येतें. तेथील वेळवंडी नदीवरचें भाटघरचें मोठें धरण १९२८ च्या सुमारास पुरें झालें आणि खालीं नीरेवर वीरचें धरण १९६५ सालीं झालें. परंतु सह्याद्रीचें अरण्य विस्तीर्ण स्वरूपांत, कुऱ्हाडीपासून राखलेलें असें पाहावयाचें, तर त्याच रांगेनें आणखी दक्षिणेस चांदोलीस जावें, असें मला शिराळ्यास स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांनीं सुचविलें. नोव्हेंबर महिन्यांत, दिवाळीच्या सुटीत, अकरा वर्षांच्या नातवास बरोबर घेऊन मी निघालों.

श्रीपूर, पंढरपूर, सांगोला, मिरज, सांगली, शिराळा हा एस. टी.चा प्रवास म्हणजे भूगोलाचा एक उत्तम धडाच आहे. सांगोल्याच्या माळावर बोर, बाभळ व डाळिंबाच्या बागा. मिरजेपुढें कृष्णाकांठची काळी माती आणि ऊस. आणि नागपंचमीमुळें प्रसिद्ध असलेलें बत्तीस शिराळें मागें टाकून कोकरूडकडे वळलें कीं भाताचीं खाचरें व कौलारू घरें. पुढें पश्चिमेस डोंगरांची निळी भिंत उभी राहते. ह्या एका दिवसाच्या वाटेवर पावसाचें मान किती बदलतें तें पाहा. सोलापूर जिल्ह्यांत वर्षाकांठीं सरासरीनें साडेपांचशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. चांदोलीच्या उत्तरेस डोंगरमाथ्यावर पाथरपुंज नांवाचें लहानसें गांव आहे, तेथें अलीकडच्या कांहीं वर्षीं सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस मोजला गेला आहे. म्हणजे आमच्या बारा वर्षांचा पाऊस तेथें चार महिन्यांत कोसळतो!

कारण सोपें आहे. अरबी समुद्रावरून येणारा बाष्पानें भरलेला वारा ह्या भिंतीशीं आला कीं त्याला वर चढावें लागतें; वर चढतां चढतां तो थंड होतो आणि आपलें ओझें तेथेंच उतरवितो. पूर्वेकडे उतरतांना त्याच्याजवळ द्यावयास फारसें कांहीं उरत नाहीं. त्या मुलीच्या वाडीवर पाऊस कां पडत नाहीं, ह्याचें हें उत्तर. तें सांगावयास मला त्या दिवशीं दोन मिनिटें पुरलीं असतीं.

मणदूरच्या बाजूनें वनखात्याची परवानगी घेऊन आणि गाडी ठरवून आम्ही उद्यानांत शिरलों. बरोबर एक स्थानिक वाटाड्या होता. वय पन्नाशीच्या घरांत, बोलणें थोडें. "उद्यान" ह्या शब्दानें माझ्या नातवाची फसगत झाली होती. त्याला वाटलें कीं फुलांचे ताटवे व झोपाळे असतील. राष्ट्रीय उद्यान म्हणजे मनुष्यानें हात न लावतां राखावयाची भूमि. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें तेथें गुरें चारतां येत नाहींत कीं लांकूड तोडतां येत नाहीं. चांदोली १९८५ सालीं अभयारण्य झालें व २००४ च्या मे महिन्यांत राष्ट्रीय उद्यान. त्याचें क्षेत्र ३१७ चौरस किलोमीटरांहून थोडें अधिक असून तें सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी ह्या चार जिल्ह्यांच्या सीमेवर पसरलें आहे. २०१० सालीं चांदोली व कोयनेचें अभयारण्य मिळून सह्याद्रि व्याघ्र प्रकल्प करण्यांत आला, आणि २०१२ सालीं युनेस्कोनें पश्चिम घाटांतील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत हीं दोन्हीही आहेत.

आंत गेल्यावर पहिली जाणीव झाली ती उजेड कमी झाल्याची. माथ्यावर ऊन होतें, परंतु वाटेवर कवडशांखेरीज कांहीं नव्हतें. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा, आंबा, फणस ह्यांच्या फांद्या एकमेकींत अडकून वर एक छत झालेलें. त्याखालीं लहान झाडांचा दुसरा थर. त्याखालीं कारवीची दाटी, जी सात-आठ वर्षांनीं एकदांच फुलते. खोडांवर शेवाळ व आमरीचीं रोपें, आणि मनुष्याच्या मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या. नातू हलक्या आवाजांत बोलूं लागला. त्याला कोणीं तसें सांगितलें नव्हतें.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ब्राझील किंवा मलाया येथील ज्या वर्षावनांचीं वर्णनें आपण वाचतों, त्यांची पुरी प्रत चांदोलीस मिळणार नाहीं. तेथें पाऊस जवळजवळ बारमाही. येथें तो चार महिन्यांत सगळा पडून जातो आणि पुढें सहा-सात महिने आभाळ कोरडें असतें. सह्याद्रीनें जसजसें उत्तरेस यावें तसतसा हा कोरडा काळ वाढत जातो. म्हणून केरळांतल्याइतकीं उंच झाडें येथें होत नाहींत, आणि बरेंचसें वन सदाहरित नसून निमसदाहरित असतें. डोंगरमाथ्यावर तर जांभ्या खडकाचे उघडे सडे आहेत. झोळंबीचा सडा असाच. पावसाळ्याच्या शेवटीं तो रानफुलांनीं भरतो आणि एरव्हीं तव्यासारखा तापतो. ह्या सहा-सात कोरड्या महिन्यांतही दरींतलीं झाडें हिरवीं राहतात, हेंच येथील खरें नवल आहे. तीं कशाच्या जोरावर हिरवीं राहतात?

मी जन्माचा शिक्षक. हातीं पाण्याची बाटली होती. गाड्यांनीं तुडवून कठीण झालेल्या वाटेवर मीं थोडें पाणी ओतलें. क्षणांत तें मातीचा गढूळ ओघळ होऊन उताराला लागलें. मग वाटेपासून एक पाऊल आंत, झाडाखालीं, कुजलेल्या पानांवर तेवढेंच पाणी ओतलें. तें दिसेनासें झालें. नातवानें पानें बाजूस सारून पाहिलें, तर खालीं काळी, भुसभुशीत, गार माती. बोटें सहज आंत गेलीं. वाटाड्या हंसून म्हणाला, "गुरुजी, सगळा पाऊस ह्यो असा गिळतंय रान. आन मग उन्हाळ्यापतूर थोडं थोडं सोडतंय."

श्रोतेहो, "झाडें लावा, पाऊस येईल" असें मी वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलों. येथील पाऊस समुद्र आणि डोंगर आणतात. झाडें त्याला सांभाळतात. पानांचें छत थेंबाचा मार स्वतःवर घेतें, पालापाचोळा त्याला धांवूं देत नाहीं, मुळांनीं सैल केलेली जमीन त्याला पोटांत घेते, आणि तेंच पाणी झऱ्याच्या रूपानें पावसाळा संपल्यावरही नदीला मिळत राहतें. उघड्या उतारावर पडलेला पाऊस आपल्याबरोबर माती घेऊन धांवतो, आणि ती माती धरणाच्या तळाशीं जाऊन बसते. धरण म्हणजे पाण्याचा रांजण; परंतु तो रांजण निर्मळ राखणारें आणि उन्हाळ्यापर्यंत ठिबकत ठेवणारें तें अरण्य होय.

नातवाला वाघ पाहावयाचा होता. तो दिसला नाहीं, आणि दिसेल अशी आशाही धरूं नये. २०२३ च्या डिसेंबरांत वनखात्याच्या कॅमेऱ्यांत एका वाघाचें छायाचित्र मिळालें, तेव्हां त्याची बातमी झाली, इतका तो येथें दुर्मिळ. आम्हांला गव्यांचे खूर उमटलेले दिसले, अस्वलानें उकरलेलें वारूळ दिसलें, उंच फांदीवर महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू झेप घेतांना दिसला. एकदां डोक्यावरून धापा टाकल्यासारखा आवाज आला. वर पाहिलें तों मोठ्या चोंचीचा धनेश पक्षी पंख मारीत चालला होता. तो वडा-उंबरांचीं फळें खातो आणि बिया दूरवर टाकतो. ह्या अरण्याचा तो विनावेतन माळी आहे, असें मीं नातवाला सांगितलें.

दुपारीं वाटाड्यानें आम्हांला एका सपाट जागीं नेलें. एक मोठा आंबा, दोन फणस आणि त्यांच्या मध्यें दगडांचें एक जोतें. त्यांतून झाडें उगवलेलीं. बाजूला तुळशीवृंदावनाचा अर्धा भाग शिल्लक होता. तो म्हणाला, "गुरुजी, हितं आमचं घर व्हतं. मी हितंच जल्माला आलो." त्यानें आम्हांला चूल कोठें होती, गोठा कोठें होता, पावसाळ्यांत नाचणी कोठें पेरीत तें दाखविलें. वारणा नदीवर चांदोलीचें मातीचें धरण झालें आणि सुमारें ३४ अब्ज घनफूट पाणी धरणारा वसंतसागर जलाशय तयार झाला, तेव्हां कांहीं गांवें पाण्याखालीं गेलीं. आणि अभयारण्यासाठीं आणखी कांहीं गांवें डोंगरावरून उठवून खालच्या सपाट मुलखांत वसविलीं. ह्या खोऱ्यांतील लोकांना पुनर्वसनाच्या मागण्यांसाठीं पुढें वर्षानुवर्षें आंदोलनें करावीं लागलीं. हें सगळें मीं वर्तमानपत्रांत वाचलें होतें. पण वाचणें वेगळें आणि त्या जोत्यापुढें उभें राहणें वेगळें.

माझा नातू न कळून त्या जोत्यावर बसला. मीं त्याला उठविणार तोंच वाटाड्या म्हणाला, "बसूं द्या, गुरुजी. लई वर्सानं घरात पाव्हणा आला." मग त्यानें विचारलें, "तुमच्याकडं ऊस लई, न्हवं? एका एकराला किती पाणी लागतंय?"

तीस वर्षें गणित शिकविलेल्या मला त्याचें उत्तर देतां आलें नाहीं. परत येतांना एस. टी.त बसून मीं तें वहीच्या पानावर मांडलें. पाटानें भिजविलेल्या उसाला सुमारें दोन हजार मिलिमीटर पाणी लागतें. म्हणजे एकरीं जवळजवळ ऐशीं लाख लिटर. आमच्या आभाळांतून एका एकरावर पडतें सुमारें बावीस लाख लिटर. बाकीचें अठ्ठावन्न लाख लिटर दुसऱ्याच्या आभाळाचें, दुसऱ्याच्या डोंगराचें, आणि कोणाच्या तरी मोडलेल्या जोत्यावरून आलेलें.

कोणी म्हणेल, चांदोलीचें पाणी तुमच्या श्रीपुरास कोठें येतें? खरें आहे, आमचें पाणी नीरेचें. परंतु भाटघरच्या तळ्याखालींही गांवें होतींच. शिवाय वारणा सांगलीजवळ हरिपूर येथें कृष्णेस मिळते, आणि तिच्या खालीं म्हैसाळ येथें कृष्णेचें पाणी उपसून पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखाकडे नेण्याची जी योजना आहे, तींत आमच्याच जिल्ह्यांतील सांगोला व मंगळवेढा हे तालुके येतात. ज्या सांगोल्याच्या माळावरून आम्ही आलों, त्या माळाची तहान भागविण्यांत त्या वाटाड्याच्या डोंगरावरील पावसाचाही वांटा आहे.

येथें केरळांतील सायलेंट व्हॅलीची आठवण होते. तेथें कुंतीपुळा नदीवर विजेसाठीं धरण बांधण्याचा बेत होता. त्यांत एक फार जुनें वर्षावन बुडणार म्हणून शास्त्रज्ञ, शिक्षक, कवि आणि सामान्य नागरिक ह्यांनीं वर्षानुवर्षें विरोध केला. अखेर १९८३ सालीं तो बेत सोडून देण्यांत आला आणि १९८४ सालीं तें वन राष्ट्रीय उद्यान झालें. तेथें धरण झालें नाहीं आणि रान राहिलें. चांदोलीस धरणही झालें आणि रानही राखलें गेलें. मात्र दोहोंची किंमत डोंगरांतल्या माणसांनीं दिली. धरण नकोच होतें असें मी म्हणणार नाहीं. कालव्याच्या पाण्यावर ज्याची मुलें शिकलीं, त्यानें तसें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. अरण्य राखूं नये असेंही कोणी शहाणा म्हणणार नाहीं. पण ज्याचें आपण खातों त्याचा हिशेब तरी आपण ठेवावा कीं नाहीं?

आतां माझ्या स्वतःच्या हिशेबाकडे येतों. माझी दोन एकर जमीन कालव्याखालीं आहे. तींत मी ऊस लावीत असें. पाण्याची पाळी बहुधा रात्रीं येई. मी पाट सोडून घरीं येऊन निजत असें आणि सकाळीं शेतांत तळें सांचलेलें पाहून समाधान मानीत असें. "पाणी फार झालें तर कांहीं बिघडत नाहीं" असें आम्ही सगळेच म्हणत आलों. दहा-बारा वर्षांत माझ्या शेताच्या सखल कोपऱ्यांतली वीस गुंठे जमीन पांढरी पडली. वर मीठ फुटलें, ऊस पिवळा पडून खुरटला, आणि आज तेथें गवतही नीट येत नाहीं. जमीन चोपण झाली. कालव्याखालच्या गांवोगांवीं असे तुकडे आपल्याला दिसतील. एका बाजूला पाण्यासाठीं तडफडणारी वाडी, आणि दुसऱ्या बाजूला पाण्यानेंच मारलेलें माझें शेत. ह्या दोहोंमध्यें अंतर फक्त एका कालव्याचें आहे. ज्या पाण्यासाठीं त्या वाटाड्यासारख्यांचीं घरें मोडलीं, त्याच पाण्यानें मीं माझी जमीन मारली. ह्याचा दोष मी कोणावर ढकलूं?

प्रवासाहून परत आल्यावर मीं दोन गोष्टी केल्या. उरलेल्या दीड एकरांपैकीं एका एकरास ठिबकाच्या नळ्या घातल्या. पाण्याची गरज पुष्कळच कमी झाली आणि ऊस कांहीं वाईट आला नाहीं. चोपण पडलेल्या कोपऱ्यांत निचऱ्यासाठीं चर काढून ताग पेरला आहे. ती जमीन माझ्या हयातींत सुधारेल कीं नाहीं, देव जाणे. पण नातवाला तरी ती कसता यावी. ही मोठी कामगिरी नव्हे. माझ्या शेजाऱ्यांपैकीं कांहीं जण अजून हंसतात.

दुसरी गोष्ट अशी कीं, मीं शाळेंतील मुख्याध्यापकांना विनंती करून चौथीच्या वर्गावर एक तास मागून घेतला. बरोबर तीच पाण्याची बाटली, घमेल्यांत कठीण माती आणि दुसऱ्या घमेल्यांत पालापाचोळा घालून भुसभुशीत केलेली माती नेली. मुलांनीं स्वतः पाणी ओतून पाहिलें. मग मीं विचारलें, "आपल्या कालव्याला पाणी कोठून येतें?" मुलें म्हणालीं, "धरणांतून." मीं म्हटलें, "आणि धरणांत?" तास संपला तरी प्रश्न संपेनात. एका मुलानें विचारलें, "गुरुजी, त्या डोंगरांतलीं माणसें आतां कोठें राहतात?" मीं त्याला खालीं बैस म्हटलें नाहीं.

श्रोतेहो, जमेल त्यानें चांदोलीस किंवा कोयनेस एकदां अवश्य जावें. पावसाळ्यांत तें बंद असतें. दिवाळीनंतर जावें, गोंगाट करूं नये, प्लास्टिक टाकूं नये, आणि वाघ दिसला नाहीं म्हणून वाटाड्यावर रागावूं नये. त्याला त्याचें गांव कोणतें तें विचारावें.

माळावरच्या त्या वाडीची ती मुलगी आतां चाळिशीच्या घरांत असेल. ती कोठें आहे मला माहीत नाहीं. पण कदाचित् ती आज रेडिओ ऐकत असेल. बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. त्याचें उत्तर द्यावयास मला फार उशीर झाला. तुझी मुलें शाळेंत जात असतील, तर त्यांना सांग कीं पुस्तकांत नसेल तें अवश्य विचारावें.